खिडकीला दिलेले गुण

त्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी महाडला घरी आलो, तो पिशवीत छापील कागदांची एक गड्डी घेऊन. मी तेव्हा पुण्याच्या एका कॉलेजात कारकून होतो. जूनमध्ये टर्म सुरू होताना मुलं खिडकीसमोर रांग लावायची. नाव, गाव, विषय कोणते घेणार, दुसरी भाषा कोणती, हे सांगायची. मी ते मोठ्या वहीत उतरवून घ्यायचो आणि त्यावरून प्रत्येकाला एक चिठ्ठी लिहून द्यायचो. चिठ्ठीवर जे असेल त्या वर्गात जाऊन बसायचं, की नोंदणी संपली. त्या आठ-दहा दिवसांत मला मान वर करायला फुरसत मिळत नसे.

आमचे प्रिन्सिपॉल नवे होते आणि गणिताचे होते. कुठलीही गोष्ट आकड्यात दिसल्याशिवाय त्यांचा जीव थाऱ्यावर येत नसे. सुट्टी लागण्याच्या आधी त्यांनी ऑफिसच्या आम्हा सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाले, "आपण वर्षभर मुलांना गुण देतो. एकदा त्यांनी आपल्याला द्यावेत. प्रवेश घेताना, विषय नोंदवताना त्यांचं समाधान झालं की नाही, हे मला मोजून हवं आहे."

त्यासाठी ते कागद. रांगेत किती वेळ उभं राहावं लागलं, ऑफिसच्या माणसांनी नीट समजावून सांगितलं का, हवे ते विषय मिळाले का, असे चार-पाच प्रश्न, आणि शेवटी एक चौकोन: एकंदर समाधान, दहापैकी किती. ज्याने त्याने सुट्टीत आपापल्या भागातल्या मुलांना गाठून कागद भरून आणायचे. आमचे हेडक्लार्क बाहेर येऊन म्हणाले, "आता मुलांनी आपली परीक्षा घ्यायची तेवढी राहिली होती." बाकीचे हसले. मी हसलो नाही. खरं सांगायचं तर मला ते काम आवडलं होतं. माझं अक्षर चांगलं होतं, मी कुणावर खेकसत नसे, आणि आपल्या खिडकीला भरघोस गुण मिळणार अशी माझी मनातून खात्री होती.

महाड-पोलादपूर भागातली सहा मुलं आमच्या कॉलेजात होती. भोरवरून घाट उतरून येतानाच मी वरंधला सर्व्हिस मोटार सोडली आणि तिथल्या मुलाच्या घरी गेलो. त्याच्या चुलत्यांनी मला पन्हं दिलं, त्याच्या वहिनीने पानात दोन आंबे कापून ठेवले, आणि मुलाने चौकोनात दहा लिहिले. महाडात तीन मुलं होती. एकाने दहा लिहिले, दुसऱ्याने त्याचं बघून दहा लिहिले, तिसऱ्याने साडेनऊ लिहिले आणि मग माझ्याकडे बघून खोडून दहा केले. बिरवाडीला गेलो तर मुलाच्या वडिलांनी कागद आपल्याच हातात घेतला. "दहा लिही रे," ते मुलाला म्हणाले. "साहेब एवढ्या उन्हातून आलेत आपल्याकडे. कमी कसे लिहितोस?" मुलाने लिहिले. मला रस्त्यापर्यंत पोचवायला आला तेव्हा तो म्हणाला, "भाऊसाहेब, एक सांगायचं होतं..." मी थांबलो. तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "काही नाही. डोक्यावर उपरणं घ्या, ऊन फार आहे."

मी खुशीत घरी आलो. माझी बायको अंगणात आंब्याच्या पोळ्या उन्हात घालत होती. मी तिच्यापुढे पाच कागद पसरले. "बघ, सगळ्यांनी दहापैकी दहा दिलेत."

तिने हात न थांबवता विचारलं, "कुणाला दिलेत?"

"म्हणजे? खिडकीला. आमच्या ऑफिसला."

"खिडकीत बसतं कोण?"

"मीच."

"आणि विचारायला गेलं कोण?"

मी कागद गोळा करायला लागलो. ती हसली नाही, तेवढंच बरं. म्हणाली, "अहो, त्यांनी तुम्हाला पन्हं दिलं, आंबे दिले, तसे दहाही दिले. तुम्ही जेवून उठता तेव्हा आमटी कशी झाली होती म्हणून मी कधी विचारते का? वाटीत किती उरलीय ते बघते. गुण मागू नका. त्या दिवशी काय काय झालं ते पहिल्यापासून सांग म्हणावं, आणि आपण ऐकत बसावं."

मला ते लागलं. बिरवाडीचा मुलगा काय सांगणार होता, हे मी विचारायला हवं होतं, असं रात्री जेवताना मीच तिला म्हणालो. ती म्हणाली, "अजून एक राहिलाय ना?"

राहिलेला मुलगा कापड्याच्या वरच्या एका वाडीतला होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने मी पोलादपूरला गेलो आणि तिथून चालत निघालो. कापड्यापर्यंत वाट सपाट होती, पुढे चढण. उतारावरच्या शेतांतून पेरणीआधीचे राब भाजून झाले होते, जमिनीचे काळे चौकोन दिसत होते. वाडीत दहा-बारा घरं. पुरुष बहुतेक मुंबईला गिरणीत. घरी बायका, म्हातारी माणसं आणि गुरं. मुलगा गोठ्याच्या कुडाला कारवीच्या नव्या काठ्या बांधत होता. मला बघून त्याने हातातलं काम टाकलं आणि धोतर सारखं करत पुढे आला. मला त्याचं तोंड ओळखीचं वाटलं, पण नीट आठवेना. नोंदणीनंतर वर्षभर आमच्या ऑफिसात तो एकदाही आला नव्हता.

त्याची आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. माझ्या हातातले कागद बघून तिने मला मास्तर ठरवून टाकलं. "बसा, मास्तर. पोराचं काय चुकलं हाय का?"

"नाही हो. आमचं काही चुकलं असेल तर ते विचारायला आलोय."

हे तिला फार नवलाचं वाटलं. ती तिथेच दारात बसली.

मी कागद मांडीखाली ठेवला आणि मुलाला म्हणालो, "तू नाव घालायला आलास तो दिवस आठवतो? काय काय झालं ते मला सगळं सांग."

तो आधी "काय नाय, चांगलं झालं" एवढंच म्हणाला. मी तांब्यातलं पाणी प्यायलो आणि बसून राहिलो. मग हळूहळू सांगायला लागला. आदल्या दिवशी महाडहून निघाला होता, मोटारीत ओकारी झाली होती. सकाळी रांगेत उभा राहिला तेव्हा त्याच्यापुढे एक शहरी मुलगा होता, फार बोलका. खिडकीपाशी आल्यावर दोघांनी एकामागोमाग आपापलं सांगितलं. चिठ्ठी मिळाली. ती घेऊन तो ज्या वर्गात गेला, तिथे पाचच मुलं होती, आणि फळ्यावर उजवीकडून डावीकडे काहीतरी लिहिलेलं होतं.

"कसला वर्ग होता तो?"

"फारशीचा," तो म्हणाला.

"तू फारशी घेतलीस? इकडच्या शाळेत तर संस्कृत शिकवतात ना?"

"व्हय. म्या संस्कृतच सांगितलं व्हतं." मग एकदम सावध होऊन त्याने बोलणं बदललं. "म्हणजे मी संस्कृत सांगितलं होतं, भाऊसाहेब. पण चिठ्ठीवर फारशी होतं. मला वाटलं, कॉलेजनेच ठरवलं असेल. संस्कृतची जागा भरली असेल."

तो आत गेला आणि पत्र्याच्या पेटीतून ती चिठ्ठी घेऊन आला. वहीच्या पानात जपून ठेवलेली. त्यावर त्याचं नाव होतं, आणि खाली ठळक, वळणदार अक्षरांत फारशी. अक्षर माझं होतं. मला आवडणारं, माझं चांगलं अक्षर.

तेव्हा मला सगळं आठवलं. दुसऱ्या दिवशी तो बोलका मुलगा खिडकीवर येऊन माझ्याशी भांडला होता. "मी फारशी सांगितलं आणि तुम्ही संस्कृत लिहिलंय!" मी त्याची माफी मागितली, वहीत खाडाखोड केली, नवी चिठ्ठी दिली. दोन ओळींची अदलाबदल झाली होती. एक ओळ मी दुरुस्त केली. दुसऱ्या ओळीतला माणूस आला नाही, म्हणून ती चुकलीय हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मी त्याला म्हणालो, "ही चूक माझी आहे. कॉलेजने काही ठरवलेलं नव्हतं. मी चुकीचं लिहिलं."

तो माझ्यापेक्षा जास्त ओशाळला. "नाय, नाय. मीच नीट बोललो नसेन. माझा आवाज बारीक हाय."

आई इतका वेळ एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. तिने विचारलं, "म्हंजे झालं काय?"

मी सांगितलं. तिला संस्कृत काय आणि फारशी काय, दोन्ही सारखंच. पण अदलाबदल तिला बरोबर कळली. "म्हंजे माझा पाडा तुम्ही वरीसभर दुसऱ्याच्या दावनीला बांधलात, मास्तर!"

"हो," मी म्हणालो.

ती लेकाकडे वळली. "आन् तू मुक्या जनावरासारखा उभा ऱ्हायलास? हंबरायचं तरी व्हतंस!" मग वेगळ्याच आवाजात, "तिथं चारा तरी गावला का रे तुला?"

"गावला, आये," तो म्हणाला.

आणि मग मला त्याने जे सांगितलं, ते कागदावरच्या कुठल्याच प्रश्नात बसणारं नव्हतं. पहिल्या महिन्यात त्याला एक अक्षर कळत नव्हतं. वर्गातली बाकीची मुलं शाळेपासून फारशी शिकलेली. त्यांचे शिक्षक म्हातारे होते. त्यांनी त्याला एक दिवस थांबवून घेतलं आणि म्हणाले, रोज तासाच्या आधी एक तास ये. त्या तासात त्यांनी त्याला अलिफपासून शिकवलं. पाटीवर, लहान मुलाला शिकवतात तसं. सहामाहीत तो नापास झाला. वार्षिक परीक्षेत काठावर पास झाला.

"आये, तू बी फारशी बोलतेस," तो एकदम म्हणाला.

"चल! मी कशाला बोलू?"

"जमीन. दरवाजा. चादर. आवाज. रस्ता. समदी फारशीच हायत."

तिने माझ्याकडे बघितलं. मला तरी कुठे ठाऊक होतं? पण मी मान हलवली. ती तोंडाला पदर लावून हसायला लागली, इतकी की शेजारची बाई काय झालं म्हणून बघायला आली. "आगो, मला फारशी येते," ती तिला म्हणाली. "माझ्या लेकाला इचार."

नाचणीची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि ताक, असं जेवण झाल्यावर मी कागद काढला. म्हणालो, "आता खिडकीला गुण दे. आणि मी समोर बसलोय हे विसर."

त्याने बराच वेळ पेन्सिल हातात धरली आणि चार लिहिले. आईने वाकून बघितलं. "किती लिवलंस?"

"चार."

"दहातले चारच? घरी जेवलेल्या पाव्हन्याला?" तो खोडायला लागला, तसा मी कागदावर हात ठेवला. खाली सूचनेसाठी एक ओळ मोकळी होती. तिथे त्याने लिहिलं: लिहून घेतलेले विद्यार्थ्यास वाचून दाखवावे.

पुण्याला परतताना मी मुद्दाम बिरवाडीला उतरलो. त्या मुलाला बाजाराच्या रस्त्यावर गाठलं आणि त्याला जे सांगायचं होतं ते ऐकून घेतलं. त्याला विषयांचं पत्रकच कधी मिळालं नव्हतं. पुढच्याने जे घेतलं तेच त्याने घेतलं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी सगळे कागद प्रिन्सिपॉलांपुढे ठेवले. त्यांनी बेरीज केली, भागाकार केला आणि म्हणाले, "वा. तुमच्या भागाची सरासरी नऊ. उत्तम आहे की."

मी म्हणालो, "साहेब, त्या सरासरीवर जाऊ नका."

"का? मुलांनी खोटं लिहिलंय?"

"खोटं नाही, साहेब. घरी आलेल्या पाहुण्याला जे देतात, ते दिलंय. एकानेच खिडकीला गुण दिलेत. ते चार आहेत." आणि मी त्यांना चूक कुणाची, कशी झाली, ते सगळं सांगितलं. नोकरी जाईल असं मला वाटत होतं. घरून निघताना बायकोला तसं सांगूनही आलो होतो. ती म्हणाली होती, गेली तर महाडात दुसरं काही बघू.

प्रिन्सिपॉलांनी चष्मा काढून पुसला. ते बोलले ते एवढंच: "म्हणजे जो भांडला, त्याचं काम झालं." मग त्यांनी त्या मुलाला बोलावून हवी ती भाषा घेऊ द्यायची आणि यंदापासून प्रत्येकाला त्याची ओळ मोठ्याने वाचून दाखवायची, असं फर्मावलं. मला एक ताकीद मिळाली, लेखी. ती अजून माझ्याकडे आहे.

त्याच दिवशी मी फारशीच्या शिक्षकांकडे माफी मागायला गेलो. ते पुण्यातच जन्मलेले, मराठी आमच्यासारखंच बोलायचे. उंच, पांढरी दाढी, अंगात काळी शेरवानी. मी सगळं सांगितलं, त्यांनी ऐकलं, आणि मला खुर्चीवर बसवलं.

"कारकूनसाहेब," ते म्हणाले, "हा मुलगा चुकून आलाय, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं."

मग ते जरा पुढे झुकून बोलू लागले.

"मी त्याला तुमच्याकडे पाठवायला हवं होतं. रोज ठरवायचो, आज सांगतो. पण माझ्या वर्गात मुलं पाच. त्यांतली दोन येतात, तीन येत नाहीत. आणि हा सगळ्यांच्या आधी येऊन पायरीवर बसलेला असायचा." त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "तुमची चूक एका मिनिटाची. माझी वर्षभराची. माफी मलाच मागायला हवी."

त्यांनी ती मागितलीही, त्या मुलाजवळ, माझ्यादेखत. मुलाला कुठे बघावं ते कळेना.

नोंदणीच्या दिवशी तो रांगेत उभा राहिला. रांग नेहमीपेक्षा हळू सरकत होती, कारण मी प्रत्येक ओळ वाचून दाखवत होतो, आणि हेडक्लार्क मागे येरझारा घालत सुस्कारे सोडत होते. तो खिडकीपाशी आला. मी विचारलं, "दुसरी भाषा?"

"फारशी," तो म्हणाला. पहिल्यापेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात.

"नीट विचार केलास? संस्कृत तुला सोपं जाईल."

"बाबांना मुंबईला पत्र टाकलं होतं. ते म्हणाले, जो मनापासून शिकवतो त्याच्यापाशी राहा."

मी लिहिलं आणि वाचून दाखवलं.

हे सगळं फार शहाणपणाचं ठरलं असं म्हणता येणार नाही. इंटरला तो एकदा नापास झाला, तोही फारशीतच. दुसऱ्या खेपेला पास झाला. पुढे बी.ए. करायचं राहून गेलं, आणि त्याने पोलादपूरकडच्या एका शाळेत मास्तरकी धरली. तिथे फारशीचा त्याला काडीचा उपयोग नव्हता. मला त्याची अधूनमधून रुखरुख लागे. त्याला नव्हती. शिक्षकांना तो दर महिन्याला पत्र लिहायचा, उजवीकडून डावीकडे.

तो इंटर पास झाला त्या मे महिन्यात शिक्षकांनी हट्टच धरला, की या मुलाच्या आईला बघायचं. मी त्यांना घेऊन घाट उतरलो. महाडला एक दिवस आमच्याकडे राहिले, बायकोच्या हातची आमटी दोनदा मागून घेतली. कापड्यापर्यंत बैलगाडी केली, पण वाडीची चढण त्यांच्या गुडघ्यांना झेपणारी नव्हती. मुलगा वर धावत गेला, आणि आई खाली आली, डोक्यावर भला मोठा कापा फणस घेऊन. ओढ्याकाठच्या आंब्याखाली आम्ही बसलो. ती खाली बघत कोयत्याने फणस फोडत होती, ते टोपी मांडीवर ठेवून बघत होते.

शेवटी तेच म्हणाले, "बाई, तुमचा मुलगा फार चांगला आहे."

"ऱ्हाऊ दे हो, मास्तर," ती म्हणाली. "लाजंल तो. तुम्ही गरे खा."

त्यांनी फणस हाताने कधी सोडवला नव्हता. पहिल्याच गऱ्याला चीक बोटांना लागला, बोटांचा दाढीला, आणि ते सोडवायला गेले तसा आणखीच पसरला. मुलगा घाबरून उभा राहिला. आई मात्र उठली, गाडीवानाकडून तेलाची बुधली मागून आणली आणि त्यांच्या ओंजळीत तेल ओतलं. "असं चोळा," तिने स्वतःच्या हनुवटीवर करून दाखवलं. "हळू. वढू नका."

ते डोळे मिटून, तिने सांगितलं तसं, दाढी चोळत बसले. ती पुढचे गरे काढून पळसाच्या पानावर त्यांच्यासाठी रचत होती.